ठासणीच्या लष्करी रायफलचं कागदी काडतूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे मुख्यतः 1850 आणि 1860 च्या दशकांतल्या, तोंडातून भरायच्या आणि आट्यांची (आतून पेचदार खाचा असलेली) नळी असलेल्या पायदळी रायफलींचा विचार केला आहे. ब्रिटिश पॅटर्न 1853 एनफिल्ड आणि अमेरिकन स्प्रिंगफील्ड या त्यांतल्या सर्वांत परिचित. मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत. नळीचा व्यास आणि दारूचं वजन मात्र इंच आणि ग्रेनमध्येही आहे, कारण जुने तक्ते त्याच मापांत आहेत.

कागदी काडतूस म्हणजे दारू आणि गोळी एकत्र बांधलेली पुडीच ना?

अमेरिकन काडतुसाबद्दल हे बरंचसं खरं आहे, एनफिल्डच्या बाबतीत नाही. एनफिल्डच्या काडतुसात गोळीभोवतीचा कागद गोळीबरोबर नळीत जातो. वंगण त्या कागदावरच असतं. गोळी आणि नळी यांच्यातली फट भरण्याचं आणि मागच्या बाराचं कीट (नळीत साचलेली जळकी राख) ओलं-मऊ करून पुढे ढकलण्याचं काम तोच करतो. कागद फेकून देऊन नुसती गोळी ठासली, तर त्या गोळीला वंगणाचे खाचे नसल्यामुळे थोड्याच बारांत गज, म्हणजे गोळी ठासायची सळई, अडकायला लागतो.

हे काडतूस पहिल्या बारासाठी आखलेलं नाही. पहिला बार कसाही भरला तरी उडतो. नळी न पुसता तिसावा, चाळिसावा बारही पहिल्याइतक्याच सहज खाली जावा, यासाठी सगळी मापं ठरवली आहेत. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

ब्रिटिश आणि अमेरिकन काडतुसांत नेमका फरक काय?

सर्वांत मोठा फरक गोळीच्या दिशेचा आहे. एनफिल्डच्या काडतुसात गोळी उलटी असते, म्हणजे टोक दारूकडे आणि पोकळ बूड बाहेरच्या टोकाला. दारू ओतून झाली की काडतूस उलटं करायचं. मग बूड आपोआप खाली येतं आणि वंगण लावलेला भाग थेट नळीच्या तोंडात बसतो.

अमेरिकन काडतुसात गोळीचं टोक बाहेर आणि बूड दारूच्या नळकांडीकडे असतं. दारू ओतली की गोळीचा भाग चिमटीत घट्ट धरायचा आणि रिकामी नळकांडी बंदुकीच्या तोंडावर आपटायची. कागद फाटून गोळीचं बूड उघडं पडतं. गोळी अंगठ्याने नळीत ढकलायची आणि कागद टाकून द्यायचा. गोळीला तीन खाचे असतात आणि वंगण त्यांतच भरलेलं असतं.

वजनांतही फरक आहे. एनफिल्डची गोळी 530 ग्रेन (34.3 ग्रॅम) आणि दारू अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे 68 ग्रेन (4.4 ग्रॅम). अमेरिकन गोळी 500 ग्रेन (32.4 ग्रॅम) आणि दारू 60 ग्रेन (3.9 ग्रॅम). अमेरिकन पाकिटात 10 काडतुसं आणि 12 कॅप (घोड्याच्या ठोक्याने पेटून दारूला आग देणाऱ्या छोट्या टोप्या) असत. दोन कॅप जास्त देण्यात शहाणपण होतं, कारण घाईत, थंडीत किंवा घामेजल्या बोटांतून कॅप हमखास पडते.

गोळीचा व्यास किती ठेवायचा?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हे जरा सविस्तर.

एनफिल्डच्या नळीचं नाममात्र माप 0.577 इंच, म्हणजे 14.66 मिमी. सुरुवातीची प्रिचेट गोळी 0.568 इंचाची (14.43 मिमी) होती. तिच्याभोवती अगदी 0.05 मिमी जाडीच्या बारीक कागदाचे दोन वेढे घेतले, तरी एकूण व्यास 14.63 मिमी होतो. नळीत मोकळी जागा उरते फक्त 0.03 मिमी. स्वच्छ नळीत ही गोळी सुरेख जाते. पण दहा-पंधरा बार झाल्यावर, त्यातही कोरड्या, उष्ण हवेत कीट कडक झालं की ती जागच्या जागी रुतते. रणांगणावर नेमकं हेच झालं. म्हणून 1859 मध्ये गोळीचा व्यास 0.550 इंचावर (13.97 मिमी) आणला. या गोळीच्या बुडाच्या पोकळीत बॉक्सवूड लाकडाची खुंटी असे. पुढे लाकडाच्या जागी भाजलेल्या मातीची खुंटी आली.

आता 0.55 इंचाच्या गोळीचं गणित पाहा. 0.075 मिमी कागदाचे दोन वेढे म्हणजे व्यासात चार जाड्यांची, 0.30 मिमीची भर. एकूण 14.27 मिमी. नळीत 0.39 मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे 0.2 मिमी जागा राहते. ती मेणाच्या वंगणाने भरते आणि कीट साचलं तरी गोळीला वाट मिळते.

इतक्या ढिल्या गोळीचा नेम कसा लागतो, असं लगेच विचारलं जातं. बार उडतो तेव्हा दारूचा दाब पोकळ बुडावर येतो, बुडाची कड फुगते आणि कागदासकट आट्यांत दाबली जाते. म्हणून शिसं शुद्ध आणि मऊ लागतं. छपाईच्या जुन्या टायपाचं किंवा गाडीच्या चाकांच्या वजनांचं शिसं यात चालत नाही. अँटिमनी आणि कथील यांमुळे ते कडक झालेलं असतं आणि बूड फुगतच नाही. नखाने ओरखडा उमटत नसेल, तर ते शिसं बाजूला ठेवा.

आपल्या रायफलची नळी मोजल्याशिवाय साचा विकत घेऊ नका. आधुनिक प्रतिकृतींच्या नळ्या 0.577 ते 0.580 इंचांपर्यंत सापडतात. आधी नळी, मग कागद आणि शेवटी साचा, या क्रमाने ठरवलं की खर्च वाया जात नाही.

कागद कोणता घ्यावा?

दोन प्रकारचे लागतात. दारूच्या नळकांडीला ताठ कागद, 0.15 ते 0.20 मिमी जाडीचा. बाकीला पातळ पण चिवट कागद, 0.07 ते 0.08 मिमी जाडीचा. पातळ कागद कापसाच्या धाग्याचा असेल तर उत्तम. गुळगुळीत मुलामा दिलेला कागद घेऊ नका, तो मेण नीट शोषत नाही आणि वळताना घसरतो. वर्तमानपत्राचा कागद ठासताना फाटतो. जाडी मायक्रोमीटरने मोजा. ग्रॅमेजवरून (दर चौरस मीटरच्या वजनावरून) अंदाज करू नका, कारण एकाच ग्रॅमेजच्या दोन कागदांच्या जाडीत बराच फरक असू शकतो, आणि तो फरक इथे चौपट होऊन गोळीवर चढतो.

कागदाला दिशा असते. चिमूटभर तुकडा ओला करून पाहा. ज्या दिशेला तो गोल वळतो, त्या दिशेने काडतूस वळायचं. उलट दिशेने वळलेला कागद दांड्यावरून सुटून उघडू पाहतो.

एनफिल्ड पद्धतीचं काडतूस वळायचं कसं?

खालची मापं 0.55 इंचाच्या, सुमारे 28 मिमी लांब गोळीसाठी आणि 0.075 मिमी पातळ कागदासाठी आहेत. वळायला 13 मिमी व्यासाचा गुळगुळीत लाकडी दांडा घ्या. त्याच्या एका टोकाला गोळीचं टोक बसेल अशी खोलगट वाटी कोरा.

1. ताठ कागदाचा 45 × 85 मिमी तुकडा दांड्यावर वळा. दोन वेढे होतील. ही दारूची नळकांडी. तिची खालची कड दांड्याच्या वाटीच्या कडेशी जुळवा.

2. त्यावर पातळ कागदाचा 60 × 90 मिमी तुकडा वळा, खाली 15 मिमी बाहेर ठेवून. हा बाहेरचा भाग पिळून वाटीत दाबा आणि गोळीच्याच टोकाने ठोकून बसवा. हा दारू आणि गोळी यांच्यामधला पडदा. तो सैल राहिला तर दारूचे कण गोळीभोवती उतरतात, मेणात मिसळतात आणि वाया जातात.

3. आता बाहेरचं वेष्टण. पातळ कागद 125 मिमी उंच. गोळीच्या बाजूला रुंदी 88 मिमी आणि पहिले 40 मिमी काठ सरळ. तिथून वर काठ तिरका कापत शेपटीच्या टोकाला रुंदी 60 मिमीवर आणा.

4. गोळीचं टोक वाटीतल्या पडद्यावर टेकवा. दांडा, नळकांडी आणि गोळी एका रेषेत ठेवून वेष्टण घट्ट वळा. गोळीच्या बुडापलीकडे 12 मिमी कागद उरला पाहिजे. तो चुण्या पाडत आत दुमडा आणि बुडाच्या पोकळीत दाबा. खुंटी आधीच बसवलेली असेल तर चुण्या तिच्यावर सपाट बसवा. शेवटच्या काठाला पिठाच्या खळीचा एक बारीक ओघ पुरे. गोळीवर खळ नको.

5. दांडा हळूच फिरवत काढा.

88 मिमी हा आकडा सहज आलेला नाही. पहिल्या वेढ्याला 44.1 मिमी आणि दुसऱ्याला 44.6 मिमी कागद लागतो, बेरीज 88.7. मुद्दाम अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी ठेवला आहे. कागद किंचित अपुरा पडला तर केसाएवढी फट राहते आणि तिने काही बिघडत नाही. उलट तो एक मिलिमीटर जास्त झाला तर गोळीवर तिसरा थर चढतो, उंचवटा तयार होतो आणि गोळी एका अंगाला रेटली जाते. कागद बदललात, तर हे गणित पुन्हा करा.

जुन्या आकृत्यांत कागद समलंब चौकोनी का दिसतो?

तिरक्या काठामुळे शेवटचा थर एका रेषेत संपत नाही, तिरका, मळसूत्रासारखा उतरत जातो. त्यामुळे काडतुसावर एकच जाड शीर उभी राहत नाही. शिवाय शेपटीकडे थर कमी होतात आणि ती पिळायला आणि फाडायला सोपी जाते. वरच्या मापांत गोळीपुरता काठ सरळ ठेवला आहे तो फक्त दोन वेढे अचूक यावेत म्हणून. हजारो काडतुसं वळणाऱ्या कारखान्यातल्या सरावलेल्या हातांना त्याची गरज नव्हती.

वंगण कशाचं आणि किती?

वजनाने पाच भाग मधमाश्यांचं मेण आणि एक भाग शुद्ध चरबी हे प्रमाण उष्ण हवेतही टिकतं. मेण 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळतं, गाई-बैलांची चरबी साधारण 40 ते 45 ला. सुरुवातीच्या मिश्रणात चरबीचं प्रमाण बरंच होतं. उन्हात तापलेल्या पेटीत ते पाघळायचं, कागदातून दारूकडे झिरपायचं आणि वर गोळीवर उरायचा कोरडा कागद. जुनी चरबी आंबते आणि तिच्यातली आम्लं शिशावर चढतात. गोळीवर पांढरा थर येतो आणि ती चक्क फुगते. मग महिन्यांपूर्वी सहज जाणारं काडतूस आता जात नाही.

मिश्रण उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात वितळवा, थेट आचेवर कधीच नाही. काडतूस बुडवताना त्यात दारू नसावी. रिकामी काडतुसं गोळीच्या खांद्यापर्यंत, एक-दोन सेकंद बुडवा, बाहेर काढून झटका आणि बूड वर करून निववा. दारू भरायची ती सगळं थंड झाल्यावर, दुसऱ्या जागी. जास्त वेळ बुडवलं तर मेण पडद्यापर्यंत चढतं. मिश्रण फार गार असेल तर जाड थर बसतो आणि काडतूस नळीच्या तोंडातच अडतं.

1857 च्या काडतुसांत खरंच चरबी होती का?

एनफिल्डच्या वंगणात चरबी होती. ती कोणत्या जनावराची, याची खात्री करून घेतलेली नव्हती. शिपायांची शंका हवेतून आलेली नव्हती. दुसरा मुद्दा कागदाचा. नवा कागद चकचकीत दिसायचा, त्यामुळे त्यातही चरबी असल्याचा संशय पसरला. फेब्रुवारी 1857 मध्ये बहरामपूरला 19 व्या पलटणीने काडतुसं नाकारली तेव्हा तक्रार कागदाचीच होती.

जुन्या कवायतीत काडतुसाची शेपटी दातांनी फाडायची असे. वंगण गोळीच्या टोकाला आणि दात लागायचे दारूच्या टोकाला, हे खरं असलं तरी चरबी पाघळली की पूर्ण काडतूसच तेलकट व्हायचं आणि तो फरक कागदावरच उरायचा. नंतर हाताने फाडण्याची मुभा आणि स्वतःचं वंगण वापरण्याची सवलत दिली गेली, पण तोवर विश्वास गेला होता. 24 एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या 90 पैकी 85 जणांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. ती काडतुसं नवी एनफिल्डची नव्हती, नेहमीचीच होती. 9 मे रोजी त्या 85 जणांना बेड्या ठोकल्या आणि 10 मे रोजी मेरठ पेटलं.

‘काडतूस’ हा शब्द मात्र या सगळ्याहून जुना. तो पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून मराठीत आला.

दारू कोणती, किती आणि कशी भरायची?

फक्त काळी दारू. धूरविरहित दारू ठासणीच्या बंदुकीत घातली तर नळी फुटते, आणि थोडीशी मिसळली तरीही हाच धोका. आजच्या प्रतवारीत दोन एफ (FFg) दाणा बहुतेक रायफलींना मानवतो. मूळ भार 68 ग्रेन. प्रतिकृतीत 55 ग्रेनपासून सुरुवात करून दोन-दोन ग्रेनने वाढवत कुठे नेम घट्ट होतो ते पाहा. उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. 4.4 ग्रॅम दारू 13 मिमीच्या नळकांडीत साधारण 34 मिमी उंच भरते, म्हणजे 45 मिमी उंचीत वर दहा-अकरा मिलिमीटर मोकळे राहतात. भरून झाल्यावर शेपटी दोनदा पिळून दुमडा.

या बंदुका आणि काळी दारू बाळगणं, वापरणं यांचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. पहिलं काडतूस वळण्याआधी आपल्याकडचे नियम पाहून घ्या.

नळीत भरायचं कसं?

शेपटी फाडा, दारू ओता, नळकांडीवर टिचकी मारून ती रिकामी करा. काडतूस उलटं करून गोळीचा भाग खांद्यापर्यंत नळीच्या तोंडात दाबा. आता रिकामी नळकांडी बाजूला वाकवून, किंचित पीळ देत तोडा. कागद पडद्यापाशी फाटला पाहिजे, गोळीवर नाही. मग गजाने एकसंध दाबत गोळी दारूवर टेकवा. ठोकू नका. ठोकल्याने गोळीचं टोक चपटं होतं आणि दारूचे दाणे चिरडतात.

गोळी पूर्ण बसली की गजावर नळीच्या तोंडाशी खूण करून ठेवा. पुढे प्रत्येक बाराला ती खूण पाहायची. खूण वर दिसली तर गोळी दारूपासून अंतरावर अडकली आहे किंवा आधीचा बार उडालेलाच नाही. दोन्ही वेळा कॅप चढवायची नाही. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळीला फुगवटा येतो, कधी ती फाटतेही.

पूर्ण काडतूस न फाडताच ठासलं तर चालेल का?

नाही. कॅपची ज्वाळा कागदातून नेहमी पोहोचत नाही, म्हणून बार फुसका जातो आणि पुढचं काडतूस त्यावर ठासलं जातं. सोऱ्यात भिजवलेले, पूर्ण जळून जाणारे कागद रिव्हॉल्व्हरसारख्या शस्त्रांसाठी होते. इथे दारू ओतायचीच आहे, त्यामुळे सोऱ्याच्या कागदाचा फायदा शून्य. उलट त्याचा धुमसणारा तुकडा नळीत राहिला तर पुढच्या दारूला आग लागू शकते. साध्या कागदाचाही तुकडा धुमसू शकतो, म्हणून दोन बारांमध्ये थोडं थांबा आणि दारू ओतताना तोंड, हात नळीच्या सरळ रेषेत आणू नका.

नेम भरकटतोय. दोष कुठे शोधायचा?

आधी जमिनीवर. बंदुकीपुढे पाच ते पंधरा मीटरांत कागदाचे तुकडे शोधा. चिंधड्या मिळाल्या तर कागद तोंडाशीच सुटतोय, उत्तम. कागद निशाणापर्यंत गोळीला चिकटून जातोय असं दिसलं तर खळ गोळीवर लागली आहे किंवा मेण फार जाड आहे. काही मूळ काडतुसांत यासाठी बाहेरच्या वेष्टणाला गोळीपाशी बारीक चिरा दिलेल्या असत. जळलेले, ठिसूळ तुकडे मिळाले तर कागद दाबाला पुरत नाही, थोडा चिवट घ्या.

निशाणावर गोळी आडवी लागल्याची लांबट भोकं दिसली तर बूड फुगत नाही. बहुतेक वेळा शिसं कडक असतं, नाहीतर खुंटी वाकडी बसलेली असते. गोळ्या वर-खाली पसरत असतील तर दारूचा भार सारखा नाही, तराजू तपासा. पहिले दहा बार घट्ट आणि नंतरचे सैल असतील, तर वंगण कमी पडतंय. नळीच्या तोंडापाशी मऊ, काळी, ओलसर कडी दिसली पाहिजे. ती कोरडी आणि खरखरीत असेल तर मेणाचा थर वाढवा.

नळी मधेच पुसावी का?

काडतूस नीट जमलं असेल तर पन्नास बारांपर्यंत गरज पडत नाही. अमेरिकन यादवी युद्धात काही पाकिटांत इलायजा विल्यम्सची जस्ताची चकती लावलेली ‘साफसफाईची’ गोळी घालत, तिने कीट खरवडून निघावं म्हणून. खाचेवाल्या गोळीला असा जोड लागतो, कारण खाच्यांतलं वंगण फार लांब पुरत नाही. कागदात गुंडाळलेल्या, मेणात बुडवलेल्या गोळीला तो लागत नाही.

तयार काडतुसं किती दिवस टिकतात?

कोरड्या, थंड जागी आणि मेणाचं प्रमाण जास्त असेल तर वर्षभर सहज. दहा-दहाची पाकिटं कागदात बांधा, गोळ्यांची टोकं एकमेकांना घासणार नाहीत अशी आलटून पालटून रचा. डब्यावर कागदाची जाडी, दारूचा भार आणि तारीख लिहा. सहा महिन्यांनी काही काडतुसं फाडून गोळीवर पांढरा थर चढला आहे का ते पाहा. चढला असेल तर ती खेप मोडा. दारू दुसऱ्या बाराला वापरू नका, पाण्यात भिजवून निकामी करा. शिसं मात्र पुन्हा ओतता येतं.